पाखरं उडवायचा आवाज

१

हे कुणाला सांगायचं नाही, असं चैतालीने मला बसमध्ये बजावून सांगितलं होतं आणि मीही मान हलवली होती. तरी लिहिते आहे. एवढं सगळं एकटीने मनात ठेवणं मला जमत नाही.

चैताली माझ्या वर्गात आहे, नववीत. तिचं घर मखमलाबादच्या पुढे, कालव्याच्या कडेला, त्यांच्याच द्राक्षबागेत आहे. घरात चौघंजण. पप्पा, म्हणजे राकेशकाका. आई, म्हणजे छायाकाकू. चैताली, आणि तिचा धाकटा भाऊ ललित, तो तिसरीत आहे.

थंडी सरता सरता द्राक्षाच्या मण्यात पाणी उतरतं, मणी गोड होऊ लागतात, आणि मग पाखरं येतात. साळुंक्या, बुलबुल, पोपट. पूर्वी चैतालीची आई डबा वाजवत बांधावरून फिरायची. यंदा पप्पांनी भोंगा आणला. भंगारवाले गाडीला लावतात तसा. त्यात आपलाच आवाज भरायचा, बटण दाबायचं, की तो थोड्या थोड्या वेळाने दिवसभर ओरडत राहतो.

रोज सकाळी पप्पा तो बांबूवर चढवून यायचे आणि स्वयंपाकघरात चहाला बसायचे. आई डबे भरायची, चैताली वेणी घालायची, ललित मोजे शोधायचा. पप्पा सगळ्यांसमोर बशीत चहा ओतत असायचे, आणि त्याच वेळी पप्पांचाच आवाज बागेतून ओरडत असायचा. सुरुवातीला चैतालीला याचं हसू यायचं.

२

त्या भोंग्यात काय भरलं होतं ते सांगायला हवं.

ललित मुळातच हळवा होता. कुकरची शिट्टी व्हायच्या आधीच त्याचे हात कानांवर जायचे. वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर तो वळसा घालून जायचा आणि शाळेला उशीर करायचा. पप्पांचा आवाज मात्र मोठा. वर्षानुवर्षं फवारणीच्या ब्लोअरच्या गोंगाटात बोलून बोलून तो तसाच झाला होता. घरात आले तरी ट्रॅक्टर चालूच आहे असं बोलायचे. पप्पा वाईट नव्हते. ललितला ताप आला की त्याच्या उशाशी पप्पाच बसायचे. पण दूध सांडलं, मोजा सापडला नाही, उत्तर द्यायला उशीर झाला, की त्यांचा आवाज चढायचा. पाच मिनिटांनी ते विसरूनही जायचे. ललितला तसं विसरता यायचं नाही. तो संध्याकाळपर्यंत भिंतीला धरून चालायचा.

भोंगा आणला त्या रविवारी पप्पांनी त्याच्या हातात तो धरायला दिला.

"नीट धर हां. मी ओरडल्यावर तूच नको उडूस पाखरासारखा," पप्पा हसत म्हणाले. ललितही थोडा हसला.

पप्पांनी बटण दाबलं, छाती भरून घेतली आणि ओरडले, "हाऽऽ हुर्रर्र!"

ललित दचकला. भोंगा त्याच्या हातून सुटून दगडावर पडला.

"सोडलास? सोडलास तू? एक काम धड येत नाही तुला! रडतोस काय? निघ! निघ इथून! डोळ्यांसमोर थांबू नकोस माझ्या!"

भोंगा फुटला नव्हता. आवाज भरला जात असल्याचा लाल दिवाही विझला नव्हता. लावून पाहिला तर आधी एक हुर्र, मग दगडावरचा धप्प, आणि मग ते सगळं, शब्द न् शब्द. पप्पा पुसायला गेले, तेवढ्यात शेजारच्या अमोलकाकांच्या बागेतून पाखरांचा अख्खा थवा उठला आणि कालव्यापलीकडे गेला.

"बघ, बघ! नुसत्या हुर्रला ढिम्म हलत नव्हती," पप्पा म्हणाले. "हेच राहू दे."

"पप्पा, पुसा ना ते," चैताली म्हणाली. "ते ललितला बोललेलं आहे."

"अगं, पाखरांना काय कळतंय कुणाला बोललंय ते?"

बांधापलीकडून अमोलकाका ओरडले, "राकेशभाऊ, जरा दमानं! तुमचा भोंगा ऐकून आमची म्हैस दूध चोरायला लागली!"

सगळे हसले. ललित तिथे नव्हता. त्याला निघ म्हटलं होतं, तो निघून गेला होता.

३

नंतर चैतालीच्या एक गोष्ट लक्षात आली.

बागेतून आवाज आला की ललित हातातलं टाकून उठायचा. जेवत असला तर घास ताटात ठेवायचा. दारापर्यंत जायचा, उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा आणि पायरीवर उभा राहायचा. आवाज थांबला की परत येऊन बसायचा. पुन्हा आवाज, पुन्हा उठणं. सुट्टीच्या दिवशी तर त्याचं जेवण संपायचंच नाही.

"अरे, पप्पा तुला नाही बोलत आहेत. ते पाखरांना आहे," चैतालीने समजावलं.

"पण आवाज तोच आहे ना, ताई."

"आवाज तोच असला म्हणून काय झालं? ते मशीन आहे."

ललितने विचार केला. तो सगळ्याचा नीट विचार करायचा. मग म्हणाला, "पप्पा विसरतात. मशीन नाही विसरत."

आई म्हणाली, कानाच्या डॉक्टरांना दाखवू. पप्पा म्हणाले, "नाटकं आहेत. लाडावून ठेवलंय तुम्ही दोघींनी." हे ते ललितसमोरच म्हणाले, आणि मोठ्याने. त्याच क्षणी बागेतूनही त्यांचा आवाज आला. घरातला एक, बाहेरचा एक. दोन्हींच्या मधे ललित उभा होता, आणि कुठल्या आवाजाचं ऐकून कुठे जायचं ते त्याला कळत नव्हतं. तो जागच्या जागी वळत राहिला. चैतालीने त्याला जवळ ओढलं, तेव्हा त्याचं काळीज शर्टावरून दिसेल इतकं उडत होतं.

तिने विज्ञानाच्या पुस्तकात वाचलेलं त्याला सांगितलं, की तोच आवाज पुन्हा पुन्हा ऐकला की कानांना सवय होते. होईल त्यालाही सवय, असं तिने स्वतःलाही सांगितलं.

४

आणि एक दिवस ललित उठला नाही.

दुपारचं जेवण चाललं होतं. वरण-भात, मेथीची भाजी. बागेतून आवाज आला. चैतालीने सवयीने त्याचं ताट बाजूला सरकवण्यासाठी हात पुढे केला. ललित बसूनच होता. त्याने घास तोंडात घातला आणि चावू लागला.

"बघ, झाली की नाही सवय," पप्पा खूश होऊन म्हणाले. आईने सुटकेचा श्वास टाकला.

चैतालीला मात्र दिसलं, की दाराचा पडदा हलला. आतून बाहेर कुणी जाताना हलतो तसा, खालून, लहान मुलाच्या खांद्याच्या उंचीवर. वारा असेल. पण मागच्या अंगणात वाळत घातलेले कपडे हलत नव्हते. मांजर असेल. पण मांजर तर आईजवळ होतं. त्याने मान वर केली, ललितकडे पाहिलं आणि स्वयंपाकाच्या ओट्याखाली जाऊन बसलं.

त्यानंतर ललित फार शहाणा झाला. मोजे जागेवर, दूध एका दमात, विचारलेल्याला लगेच उत्तर. पप्पा ओरडले तर तो शांतपणे त्यांच्याकडे पाहायचा. मग पप्पाच गप्प व्हायचे. कौतुकाने ते त्याला ट्रॅक्टरवर घेऊन गिरणारे गावच्या बाजारात गेले, येताना भेळ आणली.

"सुधारलं हो पोरगं," ते अमोलकाकांना सांगत होते.

चैताली मात्र पाहत होती. कुकरची शिट्टी झाली आणि ललितचे हात कानांवर गेले नाहीत. दारातल्या ओट्यावरून मुंग्या चालल्या होत्या, तो त्यांच्यावरून चालत गेला. त्याने मुद्दाम केलं नव्हतं, त्याला त्या दिसल्याच नव्हत्या. तिने त्याला गुदगुल्या केल्या, तेव्हा तो हसला नाही, तिचं व्हायची वाट पाहत राहिला. "ललित" म्हटलं की तो वळायचा, पण जरा थांबून. वर्गात एकाच नावाची दोन मुलं असली की त्यातलं एक आधी दुसऱ्याकडे पाहतं, तसं.

मोठा झाला असेल, तिने मनाला समजावलं. मुलं मोठी होतात.

५

खराब मणी काढायला पेठ तालुक्यातल्या बायका येतात. त्यातली कुसाबाई पाणी प्यायला ओट्यावर आली आणि चैतालीला म्हणाली, "तुझ्या भावाला सांग गं, मांडवात बसून रडू नको म्हणावं. इच्चू-काटा असतो. मी भाकर देत होते तं पळला."

"तो शाळेत आहे, मावशी."

"मग मी काय आंधळी हाय का? निळी चड्डी हाय, शर्टाचं बटण तुटलेलं."

शर्टाचं बटण चैतालीनेच लावून दिलं होतं. पण पडदा हलला त्या दिवशी ते तुटलेलंच होतं.

बायका गेल्यावर ती बागेत शिरली. द्राक्षाच्या मांडवाखाली दुपारीसुद्धा हिरवट अंधार असतो. वर तारा, तारांवर वेली, खाली लोंबणारे घड. पाखरांना बुजवायला बांधलेल्या चमकी पट्ट्या वाऱ्याशिवाय नुसत्याच लटकत होत्या. सहाव्या की सातव्या ओळीत तिला खाल्लेले घड दिसले. पाखरं मणी टोचून टाकतात, अर्धे ठेवतात. हे मणी एक एक करून तोडलेले होते, देठासकट, नीट, आणि फक्त खालच्या बाजूचे. ललित द्राक्षं अशीच खातो.

तिला उचकी ऐकू आली. पुष्कळ रडून झाल्यावर लागते तशी. आवाज वरून आला, पानांतून.

"ललित?" तिने विचारलं.

उचकी थांबली. आणि तेवढ्यात बांबूवरचा भोंगा ओरडला. हुर्र, धप्प, सोडलास, निघ, निघ इथून. तिच्या डोक्यावरून पाखरं फडफडत उठली. सगळी उठून गेल्यावर आणखी काहीतरी उठलं. पाखरापेक्षा जड. तारा खाली दबल्या आणि करकरल्या, आणि ते करकरणं ओळीच्या त्या टोकाकडे धावत गेलं, कालव्याच्या बाजूला, बागेच्या अगदी शेवटी.

चैताली तिथेच उभी राहिली. माकड असेल, असं तिने ठरवलं. मखमलाबादला माकडं येतात कधीकधी. घरी आली तेव्हा ललित शाळेतून आला होता आणि दप्तर जागेवर ठेवत होता.

"बागेत गेली होतीस?" त्याने विचारलं. "कोण होतं?"

६

तिने पप्पांना सांगितलं. आधी ते चिडले. "नववीत आहेस ना? काय बडबडतेस?" पण ती रडली नाही, गप्पही बसली नाही, म्हणून ते तिच्यासोबत बागेत आले. तिला खोटं पाडायलाच आले.

शेवटच्या ओळीत पोचल्यावर पप्पांनीही उचकी ऐकली. चैताली सांगते, पप्पांचा चेहरा एकदम ललितसारखा दिसायला लागला. ते धावत बांबूपाशी गेले आणि भोंग्याची वायर उपटली. बाग इतकी शांत झाली की कालव्याचं पाणी ऐकू आलं.

"ललित," पप्पांनी हाक मारली.

तारा करकरल्या. दूर.

"बाळा, मी आहे. ये ना." हे त्यांनी किती हळू म्हटलं असेल! पण त्यांच्या हळू बोलण्यातही तो आवाज होताच. तारा आणखी दूर करकरल्या. ते पुढे गेले, पुन्हा हाक मारली, पुन्हा तेच. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पप्पा त्याला बोलवत गेले आणि प्रत्येक हाकेनिशी हाकलत गेले. शेवटी ते मातीत बसले आणि त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला.

घरी ताटं वाढलेली होती. ललित पाटावर बसला होता. पप्पा त्याच्यासमोर बसले आणि त्याच्याकडे बघत राहिले. त्याने घास गिळला आणि स्वच्छ आवाजात विचारलं, "पप्पा, भोंगा का बंद केला? पाखरं परत येतील ना."

आईने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. 

भोंगा पुन्हा लागला नाही. पाखरं आली. ज्या बागेसाठी पप्पा ऑक्टोबरपासून झोपले नव्हते, तिच्यात साळुंक्या दिवसभर बसून खात होत्या आणि पप्पा बांधावरून ते बघत होते. अमोलकाका सांगून थकले. "अहो, निदान टाळी तरी वाजवा." पप्पांनी टाळीसुद्धा वाजवली नाही. उरलेला माल व्यापाऱ्याने कमी भावात खुडून नेला.

त्या दिवसापासून पप्पा घरात बोलतच नाहीत. काही हवं असलं तर हाताने दाखवतात.

७

आता छाटणी आली आहे. खुडा झाला की एप्रिलमध्ये द्राक्षाची वेल पार खरडून काढतात. पानं, फांद्या, सगळं जातं. मांडवावर नुसती खोडं आणि तारा उरतात. नाही केली तर वेल पुढच्या वर्षी फळत नाही. पप्पांनी छाटणीच्या मजुरांच्या टोळीला दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा टोळीचा मुकादम म्हणाला, सोमवारी येतो, नंतर आम्हाला दुसरीकडची कामं आहेत. पानं गेल्यावर तो कुठे लपेल, आणि तिथून उठला तर कुठे जाईल, हे चैताली मला बसमध्ये विचारत होती. 

"तू बोलव ना त्याला," मी म्हटलं.

"माझा आवाज पप्पांसारखा आहे. सगळेच म्हणतात. मी बोलवलं तरी तो पळतो. आईने बोलवलं तर थांबतो, पण आईला रडू येतं, आणि ती रडली की तोही रडतो आणि लांब जातो."

मग तिने मला का सांगितलं ते कळलं. वर्गात बाई हजेरी घेतात तेव्हा माझा "हजर" त्यांना ऐकू जात नाही. मी समोर बसलेली असताना गैरहजेरी लागते आणि मुली हसतात. चैताली कधी हसलेली नाही. ती म्हणाली, "तुझाच आवाज हवा आहे."

काल मी गेले. शेवटच्या ओळीत मातीवर बसले. हाक मारली नाही, नुसतं नाव घेतलं, आपण आपल्याशी घेतो तसं. बराच वेळ काही झालं नाही. मग तारा करकरल्या. त्या माझ्याकडे येत होत्या.

पलीकडच्या पानांमागे काहीतरी येऊन टेकलं. वेल वाकली. मी वर पाहणार नव्हते, पण दिसलं. तारेला वरून धरलेली लहान बोटं. हाताची असावीत, असं मी मनाला सांगितलं. नखांत माती होती.

"पप्पा अजून चिडलेत?" पानांतून कुणीतरी विचारलं. आवाज बसलेला होता.

 मला नेहमीच उशीर होतो. मी शब्द जुळवत होते तोवर बांधावर कुणीतरी खोकलं आणि वेल हलकी झाली.

आज रविवार आहे. मी हे त्यांच्या ओट्यावर बसून लिहिते आहे, ऊन उतरायची वाट बघत. घरातला ललित माझ्याजवळ बसून गृहपाठ करतो आहे. त्याचं अक्षर फार सुंदर झालं आहे, एकही ओळ वाकडी जात नाही. पप्पा पायरीवर बसलेत. ते मघापासून माझ्याकडे पाहतात आणि हात जोडतात, मला फार कसंतरी होतं.

काय म्हणायचं ते आज मी ठरवून आले आहे. मी म्हणणार आहे, ललित, पप्पा चिडलेले नाहीत. तू भोंगा सोडलास त्याचं काहीच नाही. तुला जायला सांगितलं होतं, ते परत घेतलं आहे, तू खाली ये, घरी चल. आणि त्याने विचारलं की घरी माझ्या जागेवर कोण बसलंय, तर मी त्याला सांगणार आहे की

चैताली बागेतून हाक मारते आहे. मोठ्याने. ती असं कधी ओरडत नाही. कात्र्यांचा आवाज येतोय, टोळी तर उद्या येणार होती, पप्पा अनवाणीच धावले, मी अजून त्याला